तळाचा बर्फ

१

फ्रीझरचं झाकण उघडलं, पण आतून थंड वाफ आलीच नाही. ओलसर, कोमट वास तेवढा आला. आत पांढऱ्या पन्हळींवर प्लास्टिकच्या लांब पिशव्या आडव्या पडल्या होत्या. प्रत्येक पिशवी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरलेली. बर्फ नव्हता. पाणीसुद्धा नव्हतं.

माझ्यामागे दुआर्ते कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर घेऊन उभा होता. "आग्नेस, चुकीचं झाकण उघडलंस की काय गं?"

 आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरात मोठी थंड खोली एक आणि हा छोटा फ्रीझर एक. चुकायला जागाच नव्हती. फ्रीझरचं बटण बंद होतं.

आमच्या सान्त उर्बान गावावरची हिमनदी मरते आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती जायच्या आधी तिच्या पोटातून बर्फ काढून ठेवावा, त्याच्या थरांतून जुनी हवा, जुने उन्हाळे-हिवाळे वाचावेत आणि ते शाळेतल्या मुलांना शिकवावं, म्हणून चार देशांनी मिळून एक प्रकल्प मांडला आणि ब्रसेल्सने तो मंजूर केला. जागा आणि थंड खोली आमची. ड्रिल नॉर्वेची. रसायनांची तपासणी स्लोव्हेनियाची. मुलांचे धडे पोर्तुगालचे, म्हणजे या दुआर्तेचे. मी या सगळ्यांची मोट बांधणारी. कोण कधी येणार, कुठे झोपणार, कुणाचं कुणाशी फाटलंय, हे सगळं माझ्याकडे.

वरचा बर्फ मोठ्या खोलीत सुखरूप होता. गेला होता तो अगदी तळाचा, खडकाला टेकलेला, सगळ्यांत जुना. तो पुन्हा मिळणार नव्हता, कारण जिथून तो काढला ती जागा आता खचून तिथे डबकं झालंय. येत्या बुधवारी ब्रसेल्सच्या परीक्षकांसमोर त्या पिशव्या पहिल्यांदा उघडायच्या होत्या. चार देशांतल्या शाळा पडद्यावर बघणार होत्या.

त्या बर्फापायी नेझा गेली होती.

दुआर्तेने स्टँड खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे बोरुतला कोण सांगणार?"

२

बोरुत कावचिच म्हणजे स्लोव्हेनियाचे रसायनतज्ज्ञ आणि नेझाचे वडील. नेझा प्रकल्पातच डॉक्टरेट करत होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी ड्रिल संपवून उतरताना ती बर्फाच्या कपारीत पडली. तेव्हा वर तिघंच होते. ती, आमचे जुने संचालक प्रोफेसर आल्बिन रुंगाल आणि ड्रिल चालवणारी नॉर्वेची सिग्ने. आल्बिन या वसंतात कॅन्सरने गेले.

नवे संचालक माल्फेर तळघरात आले, पिशव्यांकडे बघून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "पोलीस नकोत. निदान बुधवारपर्यंत तरी नकोत. फोपाबाईंना बोलाव."

तेरेझा फोपा निवृत्त न्यायाधीश. प्रकल्पात नीतीची सल्लागार म्हणून एक खुर्ची असते, त्या खुर्चीवर त्या होत्या. एरवी त्यांचं काम वर्षातून एकदा येऊन, सगळ्यांना ऐकू येतील असे दोन अवघड प्रश्न विचारणं आणि माझ्या आईच्या हातचा सफरचंद भरलेला स्ट्रुडेल खाणं. खालच्या खोऱ्यातून बसने त्या दुपारी आल्या. अंगात काळा कोट, हातात छत्री.

त्यांनी फ्रीझरपाशी गुडघे टेकले आणि चिरलेली एक पिशवी उजेडात धरली. मग तिच्या आतून पांढरा रुमाल फिरवला. दुसरीतून फिरवला. सगळ्या पिशव्या झाल्यावर रुमाल उलगडून माझ्यापुढे धरला.

"काय दिसतं?"

"काहीच नाही."

"मलाही तेच दिसतं." रुमालाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला. "आता सांग, बर्फ नुसता वितळवायचा असता तर बटण बंद केलं की पुरे होतं. पाणी पिशवीतच राहिलं असतं. मग पिशव्या चिरल्या कशाला?"

मागून माल्फेर म्हणाले, "कारण पाण्याचीही तपासणी होते. बर्फाइतकं नाही, तरी बरंच काही पाणी सांगतं."

"म्हणजे ज्याने केलं त्याला पाण्याचंही तोंड बंद करायचं होतं," फोपाबाई उठत म्हणाल्या. "आणि माल्फेर, हे तुम्हाला चटकन सुचलं."

माल्फेरांचा चेहरा पडला.

३

कारण होतंच तसं. माल्फेरांनी वर्षानुवर्षं छापून ठेवलं होतं की आमची हिमनदी फार जुनी नाही. तळाचा बर्फ जुना निघाला असता तर त्यांचं सगळं म्हणणं बुडालं असतं.

"बुडालं असतं तर बुडालं असतं," माल्फेर चिडून म्हणाले. आम्ही त्यांच्या खोलीत बसलो होतो. "माणूस चुकतो, दुसरा पेपर लिहितो. आणि हे काल, रविवारी, संस्था रिकामी असतानाच झालं असणार. मी दिवसभर कुठे होतो ते आग्नेसला विचारा."

ते खरं होतं. रविवारी सर्व संतांचा सण. सगळं गाव दफनभूमीत होतं. माल्फेर बायको-मुलांसह आमच्या शेजारच्याच थडग्याशी उभे होते, नंतर माझ्या मावशीकडे सगळ्यांबरोबर जेवले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच पत्ते खेळत बसले. संस्था रिकामी होती. पाहुण्यांच्या इमारतीत तेवढे परदेशी होते आणि त्यांना तळघराच्या किल्ल्या मीच दिल्या होत्या.

दुआर्ते स्वतःहूनच आला. "बाई, मला आधी पकडा, म्हणजे सुटतो तरी लवकर. शनिवारी मी तळघरात गेलो होतो. कॅमेरा कुठे लावायचा ते बघायला."

"फ्रीझर उघडला होतास?"

"उघडला. राहवलं नाही." तो ओशाळून हसला. "काय सांगू, काचेसारखा होता! आरपार. माझ्या वर्गातली ती इनेस म्हणते, बर्फात मॅमथचा केस असेल. म्हटलं केस सोड बाळ, यात धुळीचा कण नाही."

फोपाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. "धुळीचा कण नाही?"

"अगदी लख्ख. का, चूक बोललो का काही?"

"नाही रे. तू चांगला शिक्षक आहेस, मुलांना दिसेल ते सांगतोस." मग त्या माल्फेरांकडे वळल्या. "हिमनदी खडकावरून घासत सरकते ना? मग अगदी तळाशी बर्फ कसा असतो?"

माल्फेर तोंड उघडून बसले. "मळका," ते कसेबसे म्हणाले. "दगडाचं पीठ, वाळू, कधी खडे. जुन्या फरशीसारखा. पण... आल्बिनने त्या पिशव्या कुणाला बघूच दिल्या नाहीत. सगळ्यांसमोर उघडू, म्हणाला."

"म्हणूनच माझा रुमाल कोरा राहिला. फ्रीझरमध्ये जे होतं ते काहीही असेल," फोपाबाई म्हणाल्या, "तुमच्या हिमनदीचा तळ नव्हता."

४

बोरुत डोंगरावरून सकाळीच उतरले होते. वर गिर्यारोहकांच्या निवाऱ्याशेजारी छोटं प्रार्थनाघर आहे, तिथे नेझासाठी दिवा लावायला ते शनिवारी संध्याकाळीच चढून गेले होते. निवारा चालवणाऱ्या बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, दोन्ही रात्री इथेच होते बिचारे, रविवारभर खिडकीशी बसून वर बघत होते.

मी बोरुतना बर्फ गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटले. ओरडले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

"कावचिच," फोपाबाई अगदी हळू म्हणाल्या, "पिशव्या उघडायचा कार्यक्रम तुम्ही दोनदा पुढे ढकलायला लावलात. गेल्या शुक्रवारी पुन्हा मागणी केलीत, माल्फेर नाही म्हणाले. का?"

"मन होत नव्हतं."

"समजू शकते. नेझाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं. "त्याच दुपारी. वरून फोन लागत नाही नीट. तुटक तुटक ओरडत होती, 'बाबा, लागला! तळ लागला! आत्ता खडकाला टेकलो. बर्फ इतका घाण आहे ना, तुम्ही वेडे व्हाल आनंदाने!'" ते थांबले. "मग म्हणाली, बांधाबांध करतो, ढग आलेत."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर फोपाबाई छत्रीच्या टोकाने फरशीवर रेघ ओढत उभ्या राहिल्या.

"आग्नेस, आल्बिनने त्या वेळी काय सांगितलं होतं? तळाचा बर्फ खाली कसा आला?"

"म्हणाले, तो आदल्या दिवशीच काढून निवाऱ्याच्या तळघरात ठेवला होता. नेझाची अंत्ययात्रा झाल्यावर स्वतः जाऊन घेऊन आले. एकटे."

"आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आणि पोरगी तर बापाला सांगते, आत्ता लागला."

मी वर डोंगराकडे बघितलं.

"त्या दिवशी हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा तू मैदानावर होतीस ना? तिला कशात आणलं?"

मी ते कधीच विसरणार नाही, पण त्याचा अर्थ त्या क्षणापर्यंत मला कळला नव्हता. "घसरगाडीत. बर्फ आणायची ती लांब पांढरी पेटी असते ना, तिलाच खाली पट्ट्या लावलेल्या. कपारीपासून निवाऱ्यापर्यंत दोघांनी ती पेटी ओढत आणली. नेझा तिच्यात झोपलेली."

"तशा पेट्या किती होत्या वर?"

"एकच."

फोपाबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"जा, सिग्नेला बोलावून आण. बोरुतनाही. माल्फेर नकोत."

५

सिग्ने दोन दिवसांपासून आजारी असल्याचं सांगून खोलीत होती. दार उघडलं तेव्हा बूट घालून, सामान बांधून पलंगावर बसलेली. मला बघून म्हणाली, "चला." जणू वाटच बघत होती.

बैठकीच्या खोलीत बोरुत खिडकीपाशी होते. सिग्ने दाराजवळच्याच खुर्चीवर बसली. फोपाबाई उभ्याच राहिल्या.

"मी कोर्टात बसलेले नाही," त्या म्हणाल्या. "चुकले तर सांगा. त्या दुपारी तुम्ही तिघांनी तळ गाठला. घाणेरडा, मौल्यवान बर्फ पेटीत भरलात आणि निघालात. वाटेत नेझा पडली. तुम्ही दोघांनी तिला वर ओढून काढलं. तिला चालता येत नव्हतं आणि पेटी एकच होती. पेटीत बर्फ राहिला असता किंवा ती."

सिग्नेने मान खाली घातली.

"तुम्ही बर्फ फेकलात. मग आल्बिनने, मला वाटतं नंतर एकट्यानेच, इथल्या नळाचं पाणी नळकांड्यांत गोठवून तळाच्या बर्फाच्या कांड्या म्हणून ठेवून दिल्या. बुधवारी त्या उघडल्या असत्या तर पहिल्याच नजरेत खोटं बाहेर पडलं असतं. खोटं आहे हे माहीत असलेलं माणूसच ते नाहीसं करणार. आल्बिन गेले. माल्फेरांना माहीत नव्हतं, आणि ते रविवारी गावासमोर होते. दुआर्तेला ठाऊक असतं तर तो त्या लख्ख बर्फाचं कौतुक करत माझ्याकडे आला नसता. आणि त्या पिशव्या... प्रयोगशाळेतला माणूस गाठ कापून पिशवी तोंडाशी उघडतो. आग्नेसने मला तुमचे ड्रिलचे व्हिडिओ दाखवले. टोकाला सुरी लावून एका ओढीत उभी चिरायची, ही ड्रिलवाल्यांची सवय."

"मीच," सिग्ने म्हणाली. "रविवारी सगळे दफनभूमीत होते तेव्हा. गरम पाण्याखाली धरून वितळवला." ती बोरुतकडे बघत नव्हती. "आल्बिन म्हणाला होता, पोरगी तर गेली, निदान तिचं काम वाचलं एवढं तरी बापाला राहू दे. थोडे दिवस. तो उभा राहिला की आपण सांगू. आणि मग आल्बिनच गेला. मला एकटीला... मला सांगता येईना. बुधवारी तुम्ही स्वतःच्या हाताने पिशवी उघडणार होता, बोरुत. तुमच्या हातात नळाचं पाणी आलं असतं. त्यापेक्षा चोरी झाली, असं तुम्हाला वाटलं तर बरं."

 मग बोरुत खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसले.

"मी गेल्या हिवाळ्यात इथे आलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा आल्बिनची पाठ वळल्यावर मी झाकण उघडून पाहिलं होतं."

सिग्नेने एकदम मान वर केली.

"सगळा जन्म याच कामात गेला माझा. तळाचा बर्फ ओळखायला मला तपासणी लागते होय? एका नजरेत कळलं की हा नळाचा आहे."

"मग तुम्ही..."

"ऐक. तोवर मला झोप नव्हती. तुम्ही म्हणाला होतात, बर्फ सुखरूप आला. माझ्या डोक्यात एकच. हे दोघं आधी कशाला धावले? बर्फाकडे की पोरीकडे? कांड्या सांभाळत बसले आणि तिला उशीर झाला का? आल्बिनशी हात मिळवताना मला वाटायचं, याच हाताने आधी पेटी बांधली असेल." त्यांचा आवाज चिरकला. "आणि मग तो खोटा बर्फ दिसला. मी तिथे तळघरात बसून रडलो. कारण कळलं. टाकला होता तुम्ही. सगळा टाकला होता माझ्या पोरीसाठी."

"मग बोलला का नाहीत हो?" सिग्ने जवळजवळ ओरडली.

"आल्बिन मरायला टेकलेला. त्याला कुठे तोंडघशी पाडू? आणि नंतर तू. मी त्या खोट्याच्या आधारावर जगतोय असं तुला वाटत होतं, आणि त्यातच तुला बरं वाटत असेल, असं मला वाटलं. म्हणून ढकलत राहिलो तारखा."

सिग्ने दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागली. फोपाबाई भिंतीकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांना रुमाल शोधताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तो त्यांना सापडेना.

"एक सांग," बोरुत म्हणाले. "तुम्ही मला म्हणालात, पडली ती शुद्धीवर आलीच नाही. तेही माझ्यासाठीच ना?"

सिग्नेने डोळे पुसले. "हो."

"म्हणजे आली होती?"

"निवाऱ्यापर्यंत सबंध वाटभर बोलत होती. शिव्या देत होती आम्हाला. 'गाढवांनो, बर्फ काय टाकता, मी चालीन.' आल्बिनला म्हणाली, 'म्हातारबुवा, ओढा जोरात, कांड्यांपेक्षा मी हलकीच आहे.'"

बोरुतच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला. "आईवर गेली होती तोंडाने. पुढे? पुढे काय म्हणाली?"

फोपाबाईंनी मला खूण केली. आम्ही बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आतून सिग्नेचा आवाज येत राहिला, मधेच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

६

मंगळवारी सिग्नेने ब्रसेल्सला सगळं स्वतः कळवलं. फोपाबाईंनी तिला थोपवलं नाही, आणि मायाही आटू दिली नाही. शेजारी बसून राहिल्या. तळाबद्दलचा सगळा भाग प्रकल्पातून काढून टाकावा लागला. आल्बिनचं नाव प्रकल्पाच्या कागदांवरून गेलं. ज्या बायकोने त्यांच्याबरोबर वीस हिवाळे काढले तिच्या जिवाला त्याचं काय झालं असेल, ते मी लिहीत नाही. ती मला दुकानात भेटली तर आम्ही सफरचंदांबद्दल बोलतो. सिग्नेला तिच्या संस्थेने कामावरून दूर केलं. माल्फेर म्हणाले, "मी असतो तर काय केलं असतं कुणास ठाऊक," आणि स्वतःच्या खोलीत गेले. त्यांचं जुनं म्हणणं बरोबर की चूक, हे आता कुणालाच कळणार नाही.

परीक्षक बुधवारचा कार्यक्रम रद्द करा म्हणत होते. दुआर्ते ऐकेना. "माझी पोरं महिनाभर वाट बघतायत. त्यांना काय सांगू, बर्फ मांजराने खाल्ला? खरं सांगायचं. धडा आहे ना हा?"

मग बुधवारी पडदा लागला. चार देशांतले वर्ग त्यावर दाटीवाटीने बसलेले. दुआर्तेने मुलांना कळेल अशा सोप्या शब्दांत सांगितलं. बर्फ काढला होता, एक ताई पडली, तिला आणायला बर्फ टाकावा लागला, मग मोठ्या माणसांनी त्याबद्दल खोटं सांगितलं आणि ते चुकलं. कॅमेऱ्यासमोर टेबलावर काहीच नव्हतं. बोरुत टेबलापाशी बसले होते. त्यांनीच हट्ट धरला होता बसायचा.

  मग पोर्तुगालच्या वर्गातून ती इनेस उठली, मॅमथचा केस शोधणारी. तिने काहीतरी विचारलं. दुआर्ते आमच्यासाठी सांगायच्या आधी बोरुतकडे बघायला लागला.

"काय विचारतेय?" बोरुतनी विचारलं.

"विचारतेय..." दुआर्ते म्हणाला, "त्या पेटीत त्या ताईला थंडी वाजली असेल का?"

बोरुत कॅमेऱ्याकडे झुकले. आपला चेहरा त्या पोरीला नीट दिसावा म्हणून चष्मा काढला.

"नाही बाळ," ते म्हणाले. "दोघांनी आपापले कोट काढून तिच्या अंगावर घातले होते."